भरतीची माणसं

एफ्राइम अदू-ट्वम नक्की काय काम करतो, हे त्याच्या सासुरवाडीत कुणालाच कळलेलं नव्हतं, आणि समजावून सांगायची हौस एकट्या एफ्राइमलाच होती. तो राजधानी आक्रामधल्या एका सरकारी खात्यात वाहतूक आणि हवामानबदल या विषयाचा धोरण विश्लेषक होता. हे वाक्य तो छाती काढून म्हणे, आणि ऐकणारा ते हमखास मध्येच तोडे. ज्यांनी त्यातलं 'वाहतूक' पकडलं ते त्याच्याकडे पुतण्याचं लायसन्स काढून मागत. ज्यांनी 'हवामान' पकडलं ते शनिवारी पाऊस पडेल का, म्हणून विचारत. 'धोरण' आजवर कुणीच पकडलेलं नव्हतं. शाळेत बाईंनी वडिलांचा व्यवसाय विचारला तेव्हा खुद्द त्याच्या मुलीने 'ड्रायव्हर' असं सांगून टाकलं होतं. एफ्राइम दोन दिवस मुलीशी बोलला नाही, पण 'मग काय सांगायचं होतं?' या तिच्या प्रश्नाला त्याला सोपं उत्तरही देता आलं नाही.

अपवाद एकच, त्याच्या सासूबाई. मदाम दोकुआ दर भेटीत त्याला समोर बसवत आणि 'जावईबापू, तुमचं काम पुन्हा एकदा सांगा बरं' म्हणत. तो सांगे. त्या शेवटपर्यंत ऐकून घेत आणि म्हणत, "चांगलं आहे हो. कुणीतरी करायलाच हवं." त्यांना काय कळे देव जाणे, पण ऐकून घेत, आणि त्यामुळे एफ्राइमचा त्यांच्यावर फार जीव होता. भरल्या वयात त्या गेल्या, तेव्हा तो बायकोच्या आधी रडला.

अंत्यविधीचा शनिवार ठरला आणि डोंगरावरच्या आक्रोपाँगहून बेडियाको मामांचा फोन आला. मामा म्हणजे सासूबाईंचे सख्खे भाऊ आणि सगळ्या कुळाचे कर्ते.

"जावईबापू, दोन गोष्टी तुमच्याकडे. एक म्हणजे त्या दिवशी पाऊस पडता कामा नये."

"मामा, मी हवामान खात्यात नाही. मी हवामानबदल बघतो. म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांत काय होणार ते."

"पन्नास वर्षांचं सांगता येतं आणि शनिवारचं नाही?"

याचं उत्तर एफ्राइमकडे होतं, पण त्याला आलेख लागतो आणि मामांच्या फोनवर आलेख दिसत नसे.

"नाही पडणार," तो म्हणाला.

"झालं तर मग. मांडव थोडे कमी घालतो. दुसरी गोष्ट, माणसं घेऊन या. अम्पोन्सा चिकार माणसं आणतोय."

अम्पोन्सा हा थोरला साडू. फरश्यांचा घाऊक व्यापारी. त्याचा व्यवसाय मात्र सगळ्यांना एका शब्दात कळे. सासूच्या अंत्यविधीला जावयाने आपली माणसं घेऊन रांगेने मांडवात शिरायचं असतं. मुलगी कशा घरी पडली, तिच्या नवऱ्याला चार माणसं विचारतात की नाही, हे गाव त्या दिवशी ती रांग बघून ठरवतं आणि मग जन्मभर बदलत नाही. बायको कोरांतेमा मदतीसाठी पुढे निघाली तेव्हा दारात थबकून म्हणाली, "माझं काही मागणं नाही. फक्त ताईपुढे माझी मान खाली जाईल असं काही करू नका."

"अगं, मी काय करणार?"

"तेच तर. तुम्ही काहीतरी करता," ती म्हणाली आणि गेली.

आणि त्याने केलंच. शनिवारी डोंगराच्या रस्त्यावर अंत्यविधीला जाणाऱ्या गाड्यांची जी रांग लागते, त्यातल्या निम्म्या गाड्यांत एकच माणूस असतो, या विषयावर एफ्राइमने स्वतः एक अहवाल लिहिला होता. सगळ्यांनी मिळून एक बस करावी अशी त्यात शिफारस होती. अहवाल खात्यात 'विचाराधीन' होता, म्हणजे कपाटात होता. आता घरचंच कार्य आहे, तर आपणच करून दाखवू, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने कचेरीतल्या मंडळींना, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना निरोप पाठवला: सर्वांनी एका बसने जायचं आहे, कृपया कुणीही आपली गाडी काढू नये. निरोपाखाली दोन हिरवी झाडं टाकली.

बस म्हणजे विजेची बस, हेही त्याने मनात ठरवलं होतं. अशी एक बस कचेरीच्या आवारात उभी होती. पहारेकरी तिच्या आरशांवर बनियन वाळत घालत असे. एफ्राइम वाहन विभागात गेला. तिथले साहेब म्हणाले, "ते वाहन नाही, तो प्रकल्प आहे. प्रकल्प विभागात जा." प्रकल्प विभागातल्या बाई शेंगदाणे सोलत होत्या.

"उद्घाटन झाल्याशिवाय चाक हलवता येत नाही," त्या म्हणाल्या.

"उद्घाटन कधी?"

"चाचणी झाली की."

"आणि चाचणी कधी होणार?"

"चाक हलल्याशिवाय कशी होणार?" त्यांनी एफ्राइमच्या हातावर चार शेंगदाणे ठेवले. "तुम्हीच धोरणवाले ना? तुम्हीच ठरवलेलं असेल."

ते त्यानेच ठरवलेलं होतं. तो शेंगदाणे खात परत आला.

संध्याकाळी शेजारचे मिस्टर लार्टे कुंपणापाशी आले. मिस्टर लार्टे निवृत्त मुख्याध्यापक. जावयाने मांडवात स्वतः बोलायचं नसतं, त्याच्या वतीने कुणीतरी वजनदार माणूस उभा राहून बोलतो. ते काम एफ्राइमने लार्ट्यांवर सोपवलं होतं.

"एफ्राइम, बस कसली काढतोस?"

"सर, एका बसमुळे किती धूर वाचतो ठाऊक आहे?"

"धूर वाचेल रे, पण माझं काय? मी अंत्यविधीला का जातो? गाडी मुद्दाम वाटेत आडवी लावतो. मग भोंग्यावरून पुकारतात, 'मिस्टर लार्टे, आपली गाडी बाजूला घ्यावी.' सगळ्या गावाला कळतं की मिस्टर लार्टे आले आणि गाडीने आले. बसला भोंग्यावरून कोण पुकारणार?"

आंटी झिफा कुंपणाच्या दुसऱ्या बाजूने ऐकत होती. ती शिवणकाम करी आणि कोरांतेमाच्या माहेरी द्यायचा दुखवट्याच्या लाल-काळ्या कापडाचा तागा तिच्याकडे होता. "मी येते हो बसने," ती म्हणाली. "मला गाडी नाहीच, तेव्हा माझं तत्त्व आपोआप सांभाळलं जातं."

शेवटी शहरातल्या मदिना भागातल्या अड्ड्यावरून एक मोठी ट्रोट्रो, म्हणजे भाड्याने धावणारी खासगी बस, ठरली. तिच्या पाठीवर 'घाई कुणाला आहे?' असं रंगवलेलं होतं. एफ्राइमला तो शुभशकुन वाटला.

शनिवारी सकाळी एफ्राइम स्वतः अड्ड्यावर उशिरा पोचला, कारण तिथवरही तो तत्त्वाने ट्रोट्रोनेच निघाला होता आणि ट्रोट्रो भरल्याशिवाय सुटत नाही. अंगावर लाल-काळं कापड घेतलेलं. त्या कापडाला खिसा नसतो, म्हणून फोन बरोबर निघालेल्या आंटी झिफाच्या पिशवीत, ताग्याच्या खाली. बसमध्ये कुणी आलं असेल की नाही, या धास्तीने त्याने सगळी वाट नखं खाल्ली होती. आणि समोर बघतो तर बस भरलेली. ड्रायव्हरजवळचं त्याचं आणि आंटी झिफाचं बाक तेवढं मोकळं, बाकी एक जागा रिकामी नाही.

 माणसं आली होती. गाड्या घरी ठेवून आली होती. चेहरे ओळखीचे नव्हते, पण कचेरीत लेखा विभाग आहे, आस्थापना आहे, तिसरा मजला आहे, तिथली माणसं कुणाला ओळखू येतात? आणि काकांच्या बाजूचे नातेवाईक तर काकांनाही ओळखता येत नसत. एकाच्या अंगात फुटबॉलची जर्सी होती, त्याकडे त्याने मोठ्या मनाने काणाडोळा केला. निम्मी मंडळी झोपलेली होती. दुःखी असतील, असं त्याला वाटलं.

"चला!" तो ड्रायव्हरला म्हणाला.

"जाऊ? नक्की?" ड्रायव्हरने वळून एकदा मागे पाहिलं.

"भरलीय ना? मग चला."

ड्रायव्हरने खांदे उडवले आणि बस सुटली.

आबुरीच्या चढावर गार वारा लागला, खाली आक्राचा धुरकट पसारा दिसू लागला, आणि आभाराचं भाषण करावं असं एफ्राइमला फार वाटू लागलं. तो दांडा धरून उभा राहिला.

"मित्रहो, आज आपण एका बसने निघालो, ही साधी गोष्ट नाही. प्रत्येकाने आपली गाडी घरी ठेवली..."

मागून कुणीतरी हसलं. एफ्राइमने पुढच्या बाकावरच्या धिप्पाड बाईकडे पाहून नम्रपणे विचारलं, "मॅडम, आपण कुठल्या विभागातल्या?"

"मी? मी पुढच्या बाकावरची," बाई म्हणाली. "पुढे बसायला चेहरा लागतो. मागे कुणीही चालतं."

"म्हणजे... कचेरीत?"

"कसली कचेरी? अड्ड्यावर. मी बोआत्येमा. आम्ही भरतीची माणसं."

एफ्राइम आक्रातच वाढलेला. भरतीची माणसं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. रिकाम्या ट्रोट्रोत कुणी चढत नाही. म्हणून अड्ड्यावरची ठरलेली माणसं आधी आत जाऊन बसतात. गाडी भरल्यासारखी दिसली की खरे प्रवासी चढतात, आणि एकेक प्रवासी आला की भरतीचं एकेक माणूस उतरून पुढच्या गाडीत जाऊन बसतं. आज अड्ड्याच्या अध्यक्षांनी साहेबांची गाडी म्हणून खास मंडळी बसवली होती. खरे प्रवासी आलेच नाहीत, म्हणून कुणी उतरलंच नाही.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" तो कसाबसा म्हणाला.

"अर्धे झोपलेत. झोपलेला माणूस बसला की गाडी जास्त भरलेली दिसते. आणि मी..." बोआत्येमा जराशी घुटमळली. "मला वाटलं, बघू तरी कुठे जाते."

आंटी झिफाने ताग्याखालून फोन उपसून दिला. त्यावर निरोपांची रांग लागलेली होती, आणि सगळ्यांचा सूर एकच. 'तुझ्या तत्त्वाचा मान राखून मी गाडी काढत नाही. बसने कापड चुरगळतं. मनाने तुझ्याबरोबर आहे.' शेवटचा निरोप मिस्टर लार्ट्यांचा होता. तेही मनाने बरोबर होते.

एफ्राइम मटकन खाली बसला. कोरांतेमाचा दारातला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला. एकट्या सासूबाईंनी त्याचं काम आयुष्यभर ऐकून घेतलं होतं, आणि त्यांच्या शेवटच्या दिवशी तो एका शिंपिणीला घेऊन मांडवात शिरणार होता. त्याला खरोखर रडू आलं.

"परत फिरवा," तो म्हणाला.

"परत जाऊन कुणाला आणणार?" बोआत्येमाने विचारलं.

याला त्याच्याजवळ उत्तर नव्हतं, आलेखासकट नव्हतं.

"कोण गेलंय?" तिने हळू आवाजात विचारलं. त्याने सांगितलं. सासूबाई कशा समोर बसवत, कशा ऐकून घेत, सगळं सांगितलं. जर्सीवालाही तोवर जागा झाला होता आणि ऐकत होता.

"चांगली बाई होती म्हणायची," बोआत्येमा म्हणाली. "साहेब, आम्हाला खोटं बोलायला लावू नका. बाकी बसायचं कसं, ते आम्हाला कुणी शिकवायला नको."

मांफेच्या फाट्यावर बस थांबवून आंटी झिफाने तागा सोडला. कोरांतेमाच्या माहेरी द्यायचं कापड टराटरा फाडताना ती प्रत्येक फाडीला देवाची क्षमा मागत होती. कुणाच्या डोक्याला लाल पट्टी, कुणाच्या खांद्यावर काळं फडकं, आणि जर्सीवर तर अख्खा पन्हा गुंडाळला. बस आक्रोपाँगात शिरली तेव्हा आतली मंडळी एफ्राइमच्या कचेरीपेक्षा पुष्कळ गंभीर दिसत होती.

अम्पोन्सा आधीच आला होता. शाळेच्या मैदानावर त्याच्या ताफ्यातल्या मोठमोठ्या काळ्या गाड्या ओळीने लागल्या होत्या. प्रत्येक गाडीत ड्रायव्हर आणि अम्पोन्साचा एकेक माणूस. रांग म्हणून ती फार लांब नव्हती, पण गाड्यांमुळे लांब भासे. भोंग्यावरून त्यांचे नंबर तीनतीनदा पुकारून झाले होते.

एफ्राइमची रांग मांडवात शिरली. रीतीप्रमाणे उजवीकडून सुरुवात करून घरच्या प्रत्येकाचा हात हातात घेत ती पुढे सरकू लागली, आणि सरकतच राहिली. बायकांत बसलेली कोरांतेमा प्रत्येक चेहरा निरखून पाहत होती आणि तिच्या कपाळावर आठी चढत होती. मंडळी बसली. मामांचा प्रवक्ता काठी घेऊन उभा राहिला.

"आलात, बरं वाटलं. कोण मंडळी, आणि कशासाठी येणं केलंत?"

बोलणार होते मिस्टर लार्टे. ते मनाने हजर होते. एफ्राइम मागे वळून आपल्या माणसांकडे बघू लागला. इतक्यात बोआत्येमा उठली. रोज अड्ड्यावरच्या गोंगाटात वावरलेला आवाज तिचा, तिला भोंगा लागला नाही.

"आम्ही आक्राहून आलो. आमच्या साहेबांबरोबर आलो. यांच्या सासूबाई यांना समोर बसवून यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या. हल्ली एवढं कोण कुणाचं ऐकतं? अशा बाईला पोचवायला आलो."

बायकांत हुंदके उठले. अम्पोन्साला राहवलं नाही. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "आणि तुम्ही सगळे नक्की काम काय करता?"

एफ्राइमने डोळे मिटले.

"वाहतुकीतलंच," बोआत्येमा म्हणाली. "गाडी रिकामी जाऊ नये, हे बघतो. आम्ही बसलो की माणसं चढतात. माणसं चढली की आम्ही उतरतो."

मामांनी मान हलवली. आधी सावकाश, मग जोरात. "अस्सं! जावईबापू, इतकी वर्षं तुम्ही हेच सांगत होतात काय? मग सरळ सांगायचं ना!"

त्यानंतर पाऊस आला. डोंगरावरचा तो पाऊस, सांगून येत नाही, आणि एफ्राइमने तर येणार नाही असं सांगितलेलं. मांडव कमी घातलेले. गाणारे, वाजवणारे, अम्पोन्साची माणसं, जो तो पडवीकडे नाहीतर गाड्यांकडे पळाला. शवपेटीसमोरच्या उघड्या खुर्च्यांवर एफ्राइमची माणसं होती तशी बसून राहिली. गाडी सुटेपर्यंत जागा सोडायची नाही, हा त्यांचा अंगचा शिरस्ता. पाणी निथळत होतं, लाल पट्ट्यांचा रंग गालांवर उतरत होता, आणि कुणी हललं नाही. एफ्राइमही त्यांच्यात बसला. पडवीतल्या लोकांना हळूहळू लाज वाटू लागली आणि एकेक जण पावसात परत येऊन बसला.

"दोकुआसाठी पावसात बसलेली माणसं पाहिली मी आज," मामा डोळे पुसत म्हणाले. मग एफ्राइमच्या जवळ येऊन हळूच पुटपुटले, "पन्नास वर्षांचं तेवढं बघत जा. शनिवारचं राहू द्या."

दफन उरकलं, पानं वाढली गेली, तेव्हा कोरांतेमाने त्याला पाण्याच्या टाकीमागे गाठलं. "कोण आहेत ही माणसं? तुमच्या कचेरीतली नाहीत. त्यांना मी ओळखते, ते पावसात काय, सावलीतही बसणार नाहीत."

त्याने सगळं सांगितलं. तिने काळ्या कापडाचा बोळा तोंडात कोंबला आणि तिचे खांदे गदगदू लागले. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, लेकीला आईची आठवण आवरेना. ते अगदीच खोटं नव्हतं. "आईला सांगायला हवं होतं हे," ती म्हणाली, आणि मग मात्र खरंच रडली. एफ्राइम तिचा हात धरून उभा राहिला.

आणलेल्या माणसांना परत पोचवणं हेही जावयाचंच काम. संध्याकाळी बस निघायला उभी राहिली, भरतीची मंडळी आत जाऊन बसली, आणि व्हायचं तेच झालं. आक्राकडे जाणाऱ्या पाहुण्यांनी भरलेली बस पाहिली आणि ते धावत येऊन चढू लागले. एक पाहुणा चढला की भरतीचं एक माणूस उठे आणि खाली उतरे. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. एफ्राइम येऊन बघतो तर बसमध्ये बायकोचे नातेवाईक, आणि त्याची माणसं चिखलात उभी.

"तुम्ही का उतरलात?"

"खरे प्रवासी आले ना," बोआत्येमा म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "इतकी वर्षं रोज गाडीत बसते मी, साहेब. आज पहिल्यांदा गाडी माझ्यासकट सुटली. जाताना तुमच्याशी बोलत होते म्हणून नीट बघितलं नाही. म्हटलं होतं, येताना डोंगर बघेन. राहू द्या, दुसऱ्या गाडीने येऊ."

एफ्राइमने मैदानाकडे पाहिलं. अम्पोन्साच्या गाड्या चिखलात रुतून बसल्या होत्या आणि अम्पोन्सा दुसऱ्या दिवशीसाठी पेयांची खोकी आणायला आक्राला जायचं म्हणून तळमळत होता. एफ्राइमच्या आयुष्यात धोरण अमलात आणायची संधी प्रथमच आली होती.

"साडूभाऊ, माझी माणसं गाड्या ढकलून देतील. पण एकही जागा रिकामी जाणार नाही, हे कबूल करा."

"म्हणजे?"

"पाहुणे तुमच्या गाड्यांत."

"अहो, गालिचे आहेत आत! पाय बघा सगळ्यांचे!"

"मग राहा रुतून."

अम्पोन्साने गालिच्यांकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. गाड्या निघाल्या. बायकोच्या आत्या, मावश्या, त्यांचे डबे आणि एक कोंबडी, सगळे ओळीने काळ्या गाड्यांत कोंबले गेले, आणि भरतीची माणसं परत बसमध्ये जाऊन बसली. मामांच्या थोरल्या बहिणीला गाडी लागत असे, तिला एफ्राइमने बसमधली आपली पुढची जागा दिली आणि तो स्वतः साडूच्या गाडीत मागे, दोन मावश्यांच्या मध्ये, मांडीवर कोंबडी घेऊन बसला. त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत डोंगराच्या त्या रस्त्यावरून इतक्या भरलेल्या गाड्या उतरल्या नव्हत्या. कापडाचा पार चुथडा झाला होता आणि तो अतिशय सुखी होता.

"पुढे घाल," अम्पोन्सा ड्रायव्हरला म्हणाला. बस त्यांच्या पुढेच होती.

"नको, राहू दे मागे," एफ्राइम म्हणाला. "घाई कुणाला आहे?"

उतारावरच्या वळणावर पुढची बस वळली आणि तिच्या खिडक्या समोर आल्या. बाकीची सगळी भरतीची माणसं सवयीने माना टाकून झोपली होती. एका खिडकीला मात्र लाल पट्टीचं कपाळ टेकलेलं होतं. खाली दरीत दिवे लागत होते, आणि बोआत्येमा टक्क जागी होती.